अण्णांनी टाकलेला शब्द

पाखरेंच्या किराणा दुकानातून साबणाची वडी विकत घ्यायची आणि थोड्या वेळानं ती परत करायची, एवढंच त्या दिवशीचं काम होतं.

"का परत करतेस असं विचारलं तर?" मी म्हणाले.

"नकोय म्हणायचं," साबडे मॅडम म्हणाल्या. "कारण द्यायचं नाही. कारण पुढे करून सुटलीस तर प्रयोग फुकट जाईल."

आम्ही दुकानासमोरच्या रसवंतीत बसलो होतो. मॅडमचा ग्लास रिकामा झाला होता, माझ्या रसाचा फेस बसून गेला तरी मी त्याला हात लावला नव्हता. मी सोळा वर्षांची होते, दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, आणि पाखरेंच्या दुकानात जाण्यापेक्षा मी दहावीला आनंदानं पुन्हा बसले असते.

"आता अंदाज सांग. काय होईल?"

"ते ओरडतील. सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतील. माझे कान लाल होतील, तोंडातून शब्द फुटणार नाही. मग काटेवाल्यांची वृषाली कशी येडी आहे ते घरोघरी सांगतील."

"किती खात्री आहे?"

"पूर्ण."

"मग बरंच झालं. पूर्ण खात्रीचा अंदाज तपासायला सोपा जातो. ऊठ."

पाखरेंना ओळखत नसाल तर यातली गंमत कळायची नाही. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी त्यांच्या दुकानात लावलेली होती, पण तिची गरज नव्हती, त्यांचं तोंड पुरेसं होतं. अख्ख्या विट्यात त्यांच्या तोंडी कुणी लागत नसे. मी साबण घेतला, दुकानाच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले, आणि पाय ओढत परत आले.

"हा... नकोय."

पाखरेंनी माझ्याकडे बघितलं, साबणाकडे बघितलं, वडी फळीवर ठेवली आणि पैसे माझ्या हातात दिले.

"असू दे ताई. नको तर नको. त्यात काय एवढं?"

मी रस्ता ओलांडून आले तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. मॅडमनी विचारलं, "काय झालं?"

"काहीच नाही झालं."

"परत म्हण. मोठ्यानं."

"काहीच नाही झालं," मी म्हणाले, आणि तो कोमट रस एका दमात पिऊन टाकला.

हे दुखणं कशामुळे सुरू झालं असं विचारणाऱ्यांची मी निराशा करते. काहीही घडलं नव्हतं. सातवीपर्यंत मी चारचौघींसारखी बडबड करायची. आठवीत कधीतरी असं झालं की तोंड उघडण्याआधीच, समोरचा मनात काय म्हणेल ते मला ऐकू यायला लागलं. ते चांगलं कधीच नसायचं. मग मी तोंड उघडणंच सोडलं. वर्गात सरांनी उभं केलं की उत्तर येत असूनही खाली मान. लग्नाला गेलं की पाहुणे जाईपर्यंत मी कपडे ठेवलेल्या खोलीत. घरात मात्र मी आई-अण्णांचं डोकं खायची. आई मला मुखदुर्बळ म्हणायची. बाकीचे नातेवाईक कौतुकच करायचे. मुलगी बोलत नाही याला आमच्याकडे दुखणं समजत नाहीत, गुण समजतात.

दहावीच्या तोंडी परीक्षेतून मी रडत बाहेर आले तेव्हा शाळेतल्या एका बाईंनी साबडे मॅडमचं नाव सुचवलं. त्या समुपदेशक होत्या, दर गुरुवारी कोल्हापूरहून यायच्या आणि एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसायच्या. त्यांनी मला गोळ्या दिल्या नाहीत, की 'धीट हो' असा उपदेश केला नाही. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "तुझी भीती हा एक अंदाज आहे. 'सगळे माझ्याकडे बघतात, माझ्याबद्दल बोलतात, मला हसतात.' खरा असेल, खोटा असेल. मी सांगून तुला पटणार नाही. आपण बाहेर जाऊन पुरावा आणू." मग त्यांनी कागदावर एक शिडी काढली. खालच्या पायरीवर अनोळखी माणसाला वेळ विचारणं होतं. सगळ्यात वर, माझ्याच हातानं, मी लिहिलं होतं : सांगली, हॉस्टेल.

मला सांगलीला अकरावी सायन्सला जायचं होतं. मार्क मिळणार याची खात्री होती. पण हॉस्टेलात राहायचं म्हणजे मेसमध्ये वाढून मागायचं, खोलीतल्या मुलींशी बोलायचं, प्रॅक्टिकलला तोंडी उत्तरं द्यायची. हे जमलं नाही तर घरी बसून बाहेरून बारावी करायची आणि मग जे काय व्हायचं ते. शिवाय एक गोष्ट मी मॅडमखेरीज कुणाला सांगितली नव्हती. सांगलीत मला कुणी ओळखत नव्हतं. काटेवाल्यांची मुकी पोरगी तिथं कुणाला ठाऊक नव्हती. तिथं मी पहिल्या दिवसापासून बोलणारी मुलगी होऊ शकत होते. एवढ्या आशेवर मी पाखरेंच्या पायऱ्या चढले होते.

अण्णा वजनकाटे दुरुस्त करायचे, म्हणून आम्ही काटेवाले. काट्यांवर सरकारी शिक्का मारून आणायचं कामही त्यांच्याकडेच असे, त्यामुळे विट्यात असं दुकान नव्हतं जिथं त्यांना बसायला स्टूल मिळत नसे. काम कुठलंही असो, अण्णा आधी 'शब्द टाकून' ठेवायचे. दवाखान्यात नंबर लावायचा असो की एस.टी.त खिडकीची जागा हवी असो, अण्णा कुणाच्या तरी कानावर घालून येत, मगच निवांत जेवत. ओळख नसेल तिथं आधी ओळख काढत. मॅडमनी त्यांना बजावलं होतं, "वृषालीच्या कामात तुम्ही मध्ये पडायचं नाही." अण्णा मनापासून म्हणाले होते, "छे छे, मी कशाला पडतोय मध्ये."

साबणानंतर माझी गाडी सुसाट सुटली. हॉटेलात मिसळ मागवून तिखट आहे म्हणून परत केली. मालकानं स्वतः दुसरी प्लेट आणून दिली. पोस्टाच्या रांगेत मुद्दाम चिल्लर सांडली. रांगेतली सगळी माणसं वाकून नाणी वेचायला लागली, मागच्या एका आजोबांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. शिंप्याकडे जाऊन बाही घट्ट झाल्याची तक्रार केली, तर तो म्हणाला, माझीच चूक. विटा हे इतकं सज्जन गाव आहे हे मला सोळा वर्षांत कळलं नव्हतं. पहिल्यापासूनच दर गुरुवारी मी घरी येऊन अण्णांना सगळं सांगायची, आणि पुढच्या गुरुवारी काय करायचंय तेही सांगायची. अण्णा जेवता जेवता ऐकायचे. "आता कुठं जायचंय म्हणालीस?" एवढंच विचारायचे.

पुढचं काम हौसाक्कांकडे होतं.

हौसाक्का कासारीण. बाजारपेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान, समोर बायकांची गर्दी. बांगड्या भरताना आपला हात त्यांच्या हातात असतो, निसटता येत नाही, म्हणून मॅडमनी ही पायरी बरीच वर ठेवली होती. मी बांगड्या भरून घ्यायच्या आणि मग म्हणायचं, रंग आवडला नाही, काढा. मॅडम या वेळी बरोबर नव्हत्या, मला एकटीनं जायचं होतं.

हौसाक्कांनी माझा पंजा दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवल्या. मी अंदाज मनात पक्का केला : चिडतील, बायका बघतील. खात्री आता निम्म्यावर आली होती. मी तोंड उघडलं, आणि जुन्या सवयीनं शब्द घशात अडकला. तसं होणार हे मॅडमनी सांगितलं होतं. थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू करायचं. मी श्वास घेतला.

"बोल, बाळा, बोल," हौसाक्का माझा हात धरूनच म्हणाल्या. "भ्यायाचं काम न्हाई. नको म्हणायचंय न्हवं तुला? म्हण की. तुझा बा सांगून गेलाय समद्यास्नी. कोण हसायचं न्हाई तुला."

मी वळून बघितलं. दुकानातल्या पाच-सहा बायका माझ्याकडे बघत होत्या. एकीच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. सगळ्यांचे चेहरे इतके मायाळू होते की मला ओकारी येईल असं वाटलं. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "तीच गं ही. काटेवाल्या मिस्त्रींची." दुसरी म्हणाली, "कळली मला. पोष्टात पैसं पाडलं ती."

मी तशीच हिरव्या बांगड्या घालून घरी आले.

त्या आठवड्यात मला फारसं शोधावं लागलं नाही. पाखरेंच्या दुकानातला काटा, मिसळवाल्याच्या काउंटरवरचा काटा, पोस्टातल्या पार्सलांचा काटा, सगळं अण्णांच्या हाताखालून गेलेलं. शिंप्याकडे काटा नव्हता, पण त्याच्या शेजारच्या वाण्याकडे होता. प्रत्येक ठिकाणी ते माझ्या आधी, आदल्या दिवशी जाऊन आले होते. "आमची पोरगी येईल उद्या. जरा घाबरट आहे. मिसळ परत करंल, रागावू नका."

गुरुवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "माझा अंदाज काय होता मॅडम? सगळे माझ्याकडे बघतात आणि माझ्याबद्दल बोलतात. आता सांगा, पुरावा कुठल्या बाजूनं आहे?"

मॅडम रागावल्यात हे मला कळत होतं, माझ्यावर नव्हे.

"मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "या गावापुरता तुझा अंदाज खरा निघाला. आता कुणी हसलं नाही हाही पुरावा धरता येत नाही. म्हणून आपण दुसऱ्या गावाला जाऊ. अण्णांना सांगायचं नाही."

आईला विश्वासात घेऊन, सुट्टीच्या एका दिवशी त्या मला मिरजेला घेऊन गेल्या. स्टँडच्या कँटीनमध्ये मी चहा घेतला, एक घोट प्याले आणि कप परत पुढे केला. "गार आहे."

"गार?" कँटीनवाला म्हणाला. "वाफ दिसत न्हाई व्हय तुला? प्यायचा तर पी, न्हाईतर सरक बाजूला. मागं माणसं हायत."

मागची माणसं माझ्याकडे बघायला लागली. एकजण हसलाही. माझे कान तापले. मी बाजूला सरकले. आणि मग त्या माणसांनी आपापल्या गाड्यांकडे बघायला सुरुवात केली. हसलेला माणूस बिस्किटाचा पुडा फोडण्यात गुंतला. कँटीनवाला दुसऱ्या कुणावर तरी ओरडत होता. मी तिथं उभी होते आणि मी कुणाच्याही खिजगणतीत नव्हते.

तो माणूस माझ्यावर ओरडला याचा मला किती आनंद झाला ते मला आजही सांगता येत नाही. मी मॅडमना म्हणाले, "त्यानं मला हाकललं," आणि रडायला लागले. मॅडमही डोळे पुसत होत्या. "हा पुरावा तुझा," त्या म्हणाल्या. "हा कुणी दिलेला नाही."

त्या संध्याकाळी मी अण्णांसमोर बसले. आतापर्यंत मी त्यांना याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. राग होता, पण त्यांचा चेहरा बघितला की तो ओठांवर येत नसे.

"अण्णा, दुकानदारांना माझ्याबद्दल काही सांगत जाऊ नका."

अण्णांनी ताटातला हात थांबवला. "कोण काय बोललं का तुला?"

"नाही. सगळे चांगलेच वागले."

"मग?"

"मला माझं माझं करायचंय."

"बरं," अण्णा म्हणाले. "दुकानात न्हाई सांगत आता कुणाला." आणि त्यांनी शब्द पाळला. त्या दिवसानंतर विट्यातल्या एकाही दुकानात ते माझ्याबद्दल बोलले नाहीत.

निकाल लागला, सांगलीला प्रवेश मिळाला. अण्णा ट्रंक घेऊन सोडायला आले. रस्ताभर मी पहिलं वाक्य घोकत होते : मी वृषाली मिस्त्री, विट्याची, तुझं नाव काय? इतकं साधं वाक्य. मिरजेत जमलं तर इथंही जमणार होतं.

हॉस्टेलच्या दारात रेक्टरबाई उभ्या होत्या. मी पायरी चढायच्या आत त्या पुढे आल्या आणि माझ्या गालाला हात लावला. "हीच ना? ये बाळ. काही बोलू नकोस. मला सगळं माहीत आहे." मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, "मेसचा काटा आता चोख वजन दाखवतो हो."

मी अण्णांकडे बघितलं. ते ट्रंक उचलत होते. "मागं शिक्के मारायला आलतो तेव्हा येऊन गेलो," ते हळूच म्हणाले. "दुकानात न्हवं सांगितलं. हितं सांगितलं."

खोलीत तीन मुली होत्या. त्यांनी माझ्यासाठी खिडकीजवळची कॉट मोकळी ठेवली होती, चादरसुद्धा घातली होती. मी ट्रंक ठेवली आणि घोकलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. त्यातली एक लगबगीनं म्हणाली, "अगं, राहू दे, राहू दे. बाईंनी सांगितलंय आम्हाला. तुला बोलायची गरज नाही."

आणि त्यांनी ते पाळलं. मुली फार चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझं ताट त्या वाढून आणायच्या. मी खोलीत आले की आवाज खाली आणायच्या. वर्गात हजेरीला सर माझा नंबर पुकारत नसत, नजरेनं मला शोधून मान हलवत आणि पुढच्या नंबरावर जात. प्रॅक्टिकलला प्रत्येकाला प्रश्न विचारत, माझ्या टेबलाशी आले की म्हणत, "तू लिहून दिलंस तरी चालेल." पाठीमागची मुलं वळून बघत. बघणारच.

मी प्रयत्न केला. एका जेवणाच्या वेळी सगळं धैर्य गोळा करून त्या तिघींना म्हणाले, "तुम्ही माझ्याशी नेहमीसारखं बोला ना."

तिघी एकमेकींकडे बघून माझ्याकडे वळल्या. तेच मायाळू चेहरे. "अगं हो," एक म्हणाली, "तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस." आणि बोलणं थांबलं.

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, रेक्टरना स्पष्ट सांग, नाहीतर मी येऊन सांगते. मी म्हणाले, तुम्ही नका येऊ, म्हणजे अजून एकजण माझ्याबद्दल बोलणार. मी रेक्टरबाईंच्या दाराशी गेले. "बोलू नकोस बाळ, मी समजू शकते," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. ती मुठीत धरून मी खोलीत आले आणि पहिल्यांदा मला मिरजेच्या कँटीनवाल्याचा चेहरा आठवेना.

गणपतीच्या सुट्टीला घरी जाताना मी ट्रंक भरूनच निघाले. ते कशासाठी हे कुणी विचारलं नाही.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. बारावी मी बाहेरून दिली, पुढचं शिक्षणही तसंच. घरात बसून एका कंपनीचं हिशेबाचं काम करते. फोन आई घेते. मॅडम दोन वर्षं येत राहिल्या, मग मीच जायचं सोडलं. त्यांच्या पद्धतीत काही चूक होती असं मला अजूनही वाटत नाही. पुरावा आणायचा होता, तो मी आणला. अण्णा गेल्यालाही आता चार वर्षं झाली, म्हणून हे लिहिता येतं आहे.

ट्रंक भरून निघाले त्या दिवशी सांगलीच्या स्टँडवर अण्णा मला न्यायला आले होते. ट्रंक त्यांनी एस.टी.च्या टपावर चढवली, मला खिडकीची जागा दिली आणि शेजारी बसले. गाडी गावाबाहेर पडली.

"मला नाही जमलं अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या सीटची दांडी धरून बसले. मग त्यांचा जो आवाज फुटला तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

"तुझी काय चूक न्हाई त्यात, बाळ. मीच कमी पडलो. बाईंना सांगितलं, त्या हजेरीच्या सरांना सांगितलं. पण दोघं-तिघं सर राहिलेच बघ. त्यास्नीबी भेटाय पायजे होतं मी. घाई केली."

मला त्यांच्यावर किती राग होता आणि त्यांची किती माया होती, हे दोन्ही त्या क्षणी मला कळलं आणि दोन्हींचं काही करता आलं नाही. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. कुणीच राहिलं नव्हतं."

"खरं?"

"खरंच."

ते ऐकून त्यांना जरा बरं वाटलं. तासगाव यायच्या आत त्यांचा डोळा लागला.